लांबट गोळी

"ही मन्ही गोळी नही शे," सुपडूआबा म्हणाले आणि त्यांनी उघडा तळहात सुनेपुढे धरला.

हर्षदा जमिनीवर साडी पसरून बसली होती. बोटांना गम लागलेला, शेजारी खड्यांची पुडी. दुपारपर्यंत अकरा साड्यांवर खडे चिकटवून व्हायचे होते, टेम्पोवाला वाट बघत थांबत नसे. तिने मान वर करून पाहिलं. आबांच्या तळहातावर फिकट गुलाबी गोळी होती.

"कंपनी बदलली असेल आबा. घ्या, चहा थंड होतोय."

"मन्ही गोल व्हती. धवळी. ही लांबट शे."

"आत औषध तेच असतं."

आबांनी गोळी चिमटीत धरून उजेडात फिरवली. बत्तीस वर्षं त्यांनी सुरतेत लूम चालवले होते, नवीन कारागिरांना हाताखाली घेऊन शिकवलं होतं. धागा चिमटीत धरला की तो जाड की बारीक हे ते न बघता सांगत. पण गोळीच्या बाबतीत त्यांचं कोण ऐकणार? त्यांनी ती तोंडात टाकली आणि चहाचा घोट घेतला.

रक्तदाबाची ती गोळी आबा चार वर्षांपासून घेत होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला गोडादऱ्यातल्या नेहमीच्या मेडिकलमध्ये ती संपली होती, म्हणून गजेंद्रने, आबांच्या मुलाने, सुरतेजवळच्या सचिन गावाहून आणली. तो तिथल्या एका डाईंग मिलमध्ये कामाला होता. मिलच्या रस्त्यावर एक मेडिकल होतं. डॉक्टरबेनच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलवर दाखवून त्याने तीन पट्ट्या घेतल्या. संध्याकाळी हर्षदाने आबांचं म्हणणं सांगितलं तेव्हा तो हसला. "आमच्या मिलमध्ये रंगाचंही असंच असतं. डबा बदलतो, लाल तो लालच."

आठवडाभरात आबा बदलायला लागले.

सकाळी बरे असायचे. अकरा वाजले की चिडचिड सुरू. हात थरथरायचे, बनियन घामाने भिजायची. चष्मा कपाळावर असताना हर्षदाने तो लपवला म्हणून ओरडायचे. नात चंचल शाळेतून आली की तिला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. दुपारी जेवून झोपले आणि चारला उठले की पुन्हा पहिल्यासारखे, जणू मधले तीन तास त्यांचे नव्हतेच.

गजेंद्र एका रविवारी अकराच्या सुमारास त्यांना डॉक्टरबेनकडे घेऊन गेला, हर्षदाही बरोबर होती. डॉक्टरबेन गुजराती, पण पंधरा वर्षं गोडादऱ्यात दवाखाना चालवून त्यांना मराठी चांगलं येत होतं. त्यांनी आबांना वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. आबा दोनदा चुकले. प्रेशर पाहिलं तर खूप वाढलेलं.

"गोळी रोज घेतात ना?"

"रोज," हर्षदा म्हणाली. "मी स्वतः देते."

"मग आता सकाळी एकाच्या दोन द्या. आणि हे विसरणं... वय झालं की काही लोकांना डिमेन्शिया नावाचा आजार होतो. मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली.

आजाराला नाव मिळालं आणि घरात सगळ्याच गोष्टी त्या नावात बसायला लागल्या. आबांनी चपला उलट्या घातल्या, आजार. भाजीत मीठ नाही म्हणाले, आजार. मीठ खरंच नव्हतं, पण ते हर्षदाच्या नंतर लक्षात आलं आणि तिने कोणाला सांगितलं नाही. आबा रोज सकाळी गोळ्या हातात घेऊन म्हणायचे, "ह्या मन्ह्या नहीत." त्यावर आता कोणी उत्तरही देत नसे. गजेंद्र हळूच सांगायचा, "वाद नको घालू. त्यांच्या डोक्यात बसलंय."

आबांच्या डोक्यात खरंच एक गोष्ट बसली होती. गोळ्या देते कोण? सून. चहा, भाजी, पाणी? सून. आणि आपल्याला व्हायला लागलं कधीपासून? गोळी बदलली तेव्हापासून. ते तिच्या हाताकडे बघत जेवायला लागले. भाकरी तिने तव्यावरून काढली की ते पुढची मागायचे, पहिली तशीच पडून राहायची. हर्षदाला आधी राग आला, मग रडू, आणि मग भीतीच वाटायला लागली. ते झोपले असताना ती स्वयंपाकघरात गेली तरी भांड्याचा आवाज करायची, म्हणजे आपण चोरून काही करतोय असं त्यांना वाटू नये.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी आबा घरातून नाहीसे झाले. गुरुवारचा त्यांचा उपवास असे. बायको, पुष्पाबाई, गेल्यापासून सुरू केलेला. सकाळी चहा आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. हर्षदा साड्यांचं गाठोडं टेम्पोत चढवायला गल्लीच्या तोंडाशी गेली, परत आली तर ओटा रिकामा. तिने चार गल्ल्या पालथ्या घातल्या. मंदिरात पाहिलं, रेल्वेच्या फाटकाशी जाऊन पाहिलं. दीड तासाने आबांचे जुने मित्र राघो त्यांना रिक्षातून घेऊन आले. आबा ताठ बसले होते, अगदी शांत.

राघो म्हणाले, "लिंबायतला आमच्या जुन्या कारखान्यासमोर उभा होता. मला ओळखेना. म्हणतो, शिफ्ट सुरू झाली, मला आत जाऊ द्या. मी बसवला, उसाचा रस पाजला दोन ग्लास. उपवासाला चालतो म्हटलं. दहा मिनिटांत माणूस नीट! मला म्हणतो, राघो, तू इथे काय करतोस?" राघो हसत होते, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एकटा पडलाय तो. जुनं माणूस दिसलं की बरं वाटतं."

संध्याकाळी गजेंद्रने ऐकलं आणि ओठ आवळले. "म्हणजे बाहेरच्यांसमोर नीट वागता येतं. आपल्यासमोरच हे सगळं." मग दोन मिनिटांनी म्हणाला, "मी असं बोलायला नको होतं. पण मला कधी कधी वाटतं, ते मुद्दाम करतात."

हर्षदाला 'दहा मिनिटं' हे शब्द खटकले होते, पण का ते तिला सांगता येईना.

रविवारी गजेंद्रला सुटी होती. साडेअकराच्या सुमारास आबा ओट्यावर बसले होते. समोरच्या कलाबाई मेथी निवडत होत्या. हर्षदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि आबा एकदम उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"नको माले तुन्हं पाणी!" ते ओरडले. "तुन्या सासूले बी तू आसंच मारं! ती पाणी मागे, अन् तू दी नही! कलाबाई, तू बी देखं ना? तुन्या डोयासमोर!"

गल्लीत दोन-तीन दारं उघडली.

पुष्पाबाईंना जाऊन अडीच वर्षं झाली होती. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. डॉक्टरांनी दिवसाला किती पाणी ते मापून ठरवून दिलं होतं, त्यापेक्षा घोटभरही जास्त द्यायचं नाही. सासू रडून पाणी मागायची आणि हर्षदा ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवायची. स्वतःही मग आत जाऊन पाणी पिऊ शकायची नाही. तेव्हा आबा म्हणायचे, "ही पोर नसती तर पुष्पाचे हाल झाले असते." हे सगळं कलाबाईंनी पाहिलं होतं.

कलाबाईंनी मेथीवरून नजर उचलली आणि हर्षदाकडे पाहिलं. त्या आठवत होत्या, हे हर्षदाला दिसलं. तोच ओला कापूस, तेच रडणं, आणि आता त्याचा काहीतरी दुसराच अर्थ लागत होता.

गजेंद्रने आबांना आत नेलं, जेवायला बसवलं. ते शांत झाले, झोपले. मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"हर्षदा, गोळ्या तूच देतेस ना? म्हणजे... पट्टीतूनच काढून?"

तिच्या हातातली प्लेट तिने हळूच ओट्यावर ठेवली. "दुसरीकडून कुठून काढणार?"

"तसं नाही. मी सहज विचारलं."

"सहज?"

"उद्यापासून मी देत जाईन," तो म्हणाला. "माझ्या हातून ते घेतात. वाद नको."

आणि खरंच, मुलाच्या हातून आबांनी गोळ्या मुकाट्याने घेतल्या. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. कामावर निघण्याआधी गजेंद्र दोन गोळ्या त्यांच्या हातावर ठेवायचा, ते त्याच्याकडे बघत गिळायचे. "पोऱ्या दी तर मंग ठीक शे," असं म्हणायचे. आता तरी घर शांत होईल असं गजेंद्रला वाटलं. पण मंगळवारी आबा मोरीत पडता पडता वाचले. बुधवारी दुपारी त्यांना स्वतःचं नाव सांगायला वेळ लागला. इतकं वाईट ते कधीच नव्हते.

हर्षदा बुधवारभर विचार करत होती. आता गोळीला माझा हातसुद्धा लागत नाही. तरी ते जास्तच बिघडले. मग?

गुरुवारी सकाळी गजेंद्र कामावर गेला, चंचल शाळेत. आबा उपवासाचा चहा घेऊन ओट्यावर जाऊन बसले. हर्षदाने त्यांची गादी उन्हात टाकायला उचलली आणि खालून टपटप काहीतरी पडलं. गुलाबी, लांबट गोळ्या. एक, दोन... सात. काहींना थुंकी लागून रंग गेलेला होता.

ती तिथेच खाली बसली.

म्हणजे तिच्या हातून घेतलेल्या गोळ्या ते कधी कधी गिळतच नव्हते. तिने मागचे दिवस आठवायला सुरुवात केली. आधीच्या आठवड्यातला मंगळवार आणि बुधवार. त्या दोन्ही दिवशी आबा तिच्याजवळ बसले होते, खडे निवडून देत होते, लूममधल्या गमती सांगत होते. तिला तेव्हा वाटलं होतं, आज नशीब चांगलं. त्या दिवसांच्या गोळ्या बहुतेक इथे होत्या. आणि गजेंद्रच्या हातून ते रोज गिळत होते, रोज बिघडत होते. गुरुवारी पोटात काही नसलं की सगळ्यात वाईट. उसाचा रस प्यायले आणि दहा मिनिटांत माणूस नीट.

आबा पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होते. ही माझी गोळी नाही.

ती उठली आणि फडताळातून पट्टी काढली. दहावीपर्यंत ती सुरतेच्या मराठी शाळेत शिकली होती. इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचता आली, अर्थ लागला नाही. डॉक्टरबेनची चिठ्ठी काढली. त्यावरचं नाव आणि पट्टीवरचं नाव सुरुवातीला सारखं वाटत होतं, पुढे अक्षरांचा नुसता गुंता.

तिने पट्टी मुठीत धरली. गोळ्या खरंच चुकीच्या निघाल्या तर? वीस दिवस त्या कोणी दिल्या? डॉक्टरबेनसमोर कोण म्हणालं होतं, मी स्वतः देते? आबा खरं बोलत होते हे सिद्ध झालं, तर त्यांचं सगळंच खरं ठरणार होतं. पुष्पाबाईंचंसुद्धा. कलाबाईंची ती नजर तिला आठवली. नवऱ्याचा प्रश्न आठवला. पट्टीतूनच काढून? मोरी दोन पावलांवर होती. सात गोळ्या, अर्धी पट्टी, एक तांब्या पाणी. घरात कोणी नव्हतं. पुढच्या महिन्यात मोठा डॉक्टर बघेल, तोवर मेडिकलमधून गुपचूप जुनी गोळी आणून द्यायची. कोणाला काही कळणार नाही.

ती खरंच मोरीपर्यंत गेली. किती वेळ तिथे उभी राहिली ते तिला नंतर सांगता आलं नाही. मग तिने गोळ्या रुमालात बांधल्या, पट्टी आणि चिठ्ठी पिशवीत टाकली आणि बाहेर आली.

"कलामावशी, आबांकडे जरा लक्ष ठेवता? मी डॉक्टरबेनकडे जाऊन येते."

"डॉक्टरकडे? तुला काय झालं?" कलाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जा. मी आहे इथे."

दवाखाना दहा-बारा मिनिटांवर होता. ती भराभर चालत होती आणि डोकं त्याहून जोरात पळत होतं. पट्ट्या कोणी आणल्या? गजेंद्रने. गल्लीतल्या दुसऱ्या मेडिकलमध्ये का नाही गेला? सचिनहूनच का? गेल्या महिन्यात त्याने आबांचं आधार कार्ड मागून घेतलं होतं, कशाला ते सांगितलं नव्हतं. घर आबांच्या नावावर होतं. फोन आला की तो हल्ली बाहेर जाऊन बोलायचा. आणि रविवारी त्याने तिच्या हातून गोळ्या काढून घेतल्या, स्वतःच्या हाताने द्यायला लागला. मला विचारलं ते का? माझ्यावर ढकलायला? आठ वर्षांचा संसार तिच्यासमोरून उलटा सरकत गेला आणि प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच रंगात दिसली. एका वळणावर ती क्षणभर थांबली, भिंतीला हात टेकून. मी हे काय विचार करतेय, असं तिला वाटलं. पण विचार थांबले नाहीत.

दवाखान्यात सात-आठ माणसं बसलेली होती. ती सरळ आत शिरली आणि रुमाल टेबलावर उघडला.

डॉक्टरबेननी पट्टी उलटून पाहिली. "ही कोणाची?"

"आबांची. प्रेशरची."

"ही प्रेशरची नाही. साखरेच्या आजाराची आहे. आबांना साखर कधी झाली?" बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. त्यांनी चिठ्ठी ओढून घेतली, स्वतःचंच अक्षर पाहिलं, पुन्हा पट्टी पाहिली. "किती दिवस? आणि मी... मी दोन करायला सांगितल्या. आज घेतल्या त्यांनी?"

"सकाळी सात वाजता. दोन्ही."

"खाल्लं काय?"

"उपवास आहे."

डॉक्टरबेन उभ्या राहिल्या. "पळ. घरी जाऊन आधी साखर पाज. पाण्यात चार-पाच चमचे, शुद्धीवर असतील तोवरच. मी मशीन घेऊन मागून येते. हर्षदा, थांबू नको कुठे!"

तिने धावता धावता कलाबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

गल्लीत शिरली तेव्हा ओट्याभोवती तीन बायका जमल्या होत्या. आबा भिंतीला टेकून बसले होते. बनियन अंगाला चिकटलेली, डोळे अर्धे मिटलेले, मान डोलत होती. कलाबाई पदराने वारा घालत होत्या.

हर्षदा आत गेली, ग्लासात साखर ओतली, चमच्याने ढवळत बाहेर आली. "आबा, हे प्या. आबा!"

आबांनी डोळे उघडले. तिला पाहिलं आणि हात उचलून ग्लास ढकलला. अर्धं पाणी तिच्या साडीवर सांडलं. "इख शे," ते पुटपुटले. "इख." विष.

"आबा, साखर आहे नुसती!"

त्यांनी दात आवळून घेतले. तिने पुन्हा ग्लास ओठांशी नेला, त्यांनी मान फिरवली. कपाळावरून घाम ओघळत होता.

"मावशी, तुम्ही पाजा. तुमच्या हातून घेतील."

कलाबाईंनी ग्लासकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. "कसलं आहे ते?"

"साखरेचं पाणी. डॉक्टरबेननी सांगितलंय. मावशी, वेळ नाही!"

"तू आत जाऊन कालवून आणलंस. मी काय बघितलं?" कलाबाईंचा आवाज कापत होता. त्या दुष्टपणाने बोलत नव्हत्या, त्या घाबरल्या होत्या. "माझ्या हातून काही झालं तर?"

हर्षदाने ग्लास तोंडाला लावला आणि दोन मोठे घोट घेतले. हनुवटीवरून पाणी गळलं. मग ती आत धावली, साखरेचा अख्खा डबा आणि तांब्या घेऊन बाहेर आली, सगळ्यांच्या देखत कलाबाईंसमोर ठेवला. "तुम्ही कालवा. तुम्ही चाखा. तुम्हीच पाजा. मी हातसुद्धा लावत नाही." आणि ती खरंच मागे सरकून हात पाठीमागे धरून उभी राहिली.

कलाबाईंनी साखर घेतली, जिभेवर ठेवून पाहिली, ग्लासात टाकली. "सुपडूभाऊ, मी कला. प्या बरं."

आबांनी कलाबाईंकडे पाहिलं. पहिला घोट ओठांबाहेर आला. दुसरा आत गेला. मग तिसरा. हर्षदा मोजत नव्हती, नुसती त्यांच्या गळ्याकडे बघत होती. घाटी वर जायची, खाली यायची.

डॉक्टरबेनची स्कूटर आली तोवर ग्लास संपला होता. त्यांनी आबांच्या बोटाला सुई टोचली. मशीनवरचा आकडा वाचला आणि डोळे मिटून घेतले. "साखर पाजून एवढी. पाजली नसती तर..." त्यांनी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात आबांना दोन दिवस सलाईनवर ठेवलं. गजेंद्र मिलमधून तसाच आला, मनगटापर्यंत निळा रंग. डॉक्टरबेननी त्याला सगळं सांगितलं. त्याने मोबाईल काढून चिठ्ठीचा फोटो पुन्हा पाहिला. "मेडिकलवाल्याने विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "शुगरची ना, असं काहीतरी. रस्त्यावर ट्रकचा आवाज होता. मी हो म्हणालो. मला वाटतं, मी हो म्हणालो."

"आणि मी पट्टी मागितली नाही," डॉक्टरबेन म्हणाल्या. "मागायला हवी होती."

हर्षदा खाटेच्या पायथ्याशी बसून होती. तिच्या मनातलं ते वळणावरचं सगळं गजेंद्रच्या त्या एका वाक्यात विरघळून गेलं होतं. आधार कार्ड सरकारी आरोग्य कार्डासाठी होतं, हेही त्याच संध्याकाळी कळलं, कारण दवाखान्यात तेच कार्ड लागलं.

शनिवारी आबा घरी आले. डोकं स्वच्छ झालं होतं. गोळी आता गोल आणि पांढरी होती. मधल्या तीन आठवड्यांतलं त्यांना फार थोडं आठवत होतं. उसाचा रस आठवत होता, ओट्यावरून सुनेवर केलेला आरोप आठवत नव्हता. हर्षदाने दिलेली भाकरी त्यांनी पहिल्याच झटक्याला मोडली आणि म्हणाले, "माय, ठेचा दे." ती आत गेली आणि ठेच्याची वाटी हातात घेऊन तिथेच थोडा वेळ उभी राहिली.

पण गल्लीला सगळं आठवत होतं. पाण्याच्या नळावर हर्षदा आली की बोलणं थांबायचं. रविवारी गजेंद्र दाढी करून, शर्ट घालून कलाबाईंच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. मोठ्याने बोलला, चार दारांत ऐकू जाईल एवढ्याने.

"मावशी, गोळी मी आणली होती. चूक माझी आणि मेडिकलवाल्याची. हर्षदाने शोधून काढलं म्हणून आबा आहेत. आईला पाणी मापून द्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते मलाही माहीत होतं आणि तुम्हालाही."

कलाबाईंनी मान हलवली. डोळे पुसले. त्याला चहा दिला. तो गेल्यावर शेजारणीला म्हणाल्या, "चांगला पोरगा आहे. बायकोवरचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं बघ."

हे हर्षदाला दुसऱ्या दिवशी कळलं. ती हसायला लागली, आणि हसता हसता थांबेना.

"मी अजून काय करू?" गजेंद्र म्हणाला. मिलमध्ये यंत्राचं काम निघालं होतं, म्हणून तो दुपारीच घरी आला होता. साडीची दुसरी बाजू धरून तो तिच्यासमोर बसला. आबा आत झोपले होते.

"काही नको. माणसं हळूहळू बघतील. किंवा नाही बघणार."

तो खडे उचलून देत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "त्या दिवशी मी तुला विचारलं. पट्टीतूनच काढतेस ना म्हणून."

"हो."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं," हर्षदा म्हणाली. ती रागाने बोलली नाही. "मलापण एक सांगायचंय. त्या गुरुवारी डॉक्टरबेनकडे जाताना मी तुमच्यावर संशय घेतला. घरासाठी तुम्ही मुद्दाम गोळ्या आणल्या असं मला वाटलं. आधार कार्ड, फोन, सगळं मी जोडलं. अगदी नीट जुळत होतं."

गजेंद्रच्या हातातला खडा तसाच राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "हे तू मला कशाला सांगितलंस? मला कधी कळलंही नसतं."

"तुमचा प्रश्न मला ऐकू आला होता. माझा तुम्हाला ऐकू आला नव्हता. मला ते बरोबर वाटेना."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. दोघांनी तिकडे पाहिलं, उठलं कोणीच नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आणि आता?"

हर्षदाने थोडा विचार केला. "आता नाही वाटत," ती म्हणाली. "पण तेव्हा किती पटकन वाटलं, ते मी विसरत नाहीये."

त्याने मान हलवली. मग तो उठला, तयार साड्यांचं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि टेम्पोवाल्याला थांब म्हणून ओरडत बाहेर गेला.